दोर धरायची पँट

सीटवाल्याची पँट फाटली ती भर लोकांत. नुसती उसवली असती तर हात मागे बांधून वेळ मारून नेता आली असती. पण ही दोन पायांच्या मधून जी सुटली ती मागे पार पट्ट्यापर्यंत गेली, आणि आवाज असा झाला की भिंतीवर अर्ध्यात लटकलेली एक बाई चढायचं थांबून खाली बघायला लागली.

"मी नुसतं उकिडवे बसा म्हणालो होतो," मास्तर म्हणाले.

"बसलोच की," सीटवाला म्हणाला. "पँट उभी राहिली त्याला मी काय करू?"

मास्तरांनी आपलं जाकीट काढून दिलं. ते कमरेला मागून बांधून सीटवाला बाहेर निघाला. ती जागा म्हणजे जुनं गोदाम. भिंतींना फळ्या ठोकून त्यावर रंगीबेरंगी गोटे बसवलेले, ते धरून लोक मास्तरांच्या हाताखाली वर चढायला शिकत. खाली जाड गाद्या अंथरलेल्या. जाता जाता त्याने पाहिलं, कोपऱ्यातल्या गादीची शिवण सुटली होती. आपली सुटलेली असताना दुसऱ्याची आधी दिसते, ही माणसाची खोडच.

बाजारात त्याला सगळे सीटवाला म्हणत. गाड्यांच्या सीटांना कव्हरं शिवणं हा त्याचा धंदा, वडिलांनी सुरू केलेला. हात पक्का. कव्हर असं ताणून बसवायचा की वर नाणं टाकलं तर उडावं. झोळ हा शब्द त्याच्या दुकानात शिवीसारखा होता. कापडाला झोळ राहिला की तिथे घडी पडते, घडी पडली की तिथेच ते झिजतं, आणि झिजलं की गिऱ्हाईक परत येऊन डोक्यावर बसतं.

तर अशा माणसाचं त्या गोदामात काय काम? त्याचं असं होतं. त्याची एकुलती एक लेक कातळ चढायची. लहानपणापासून कुठेही चिकटायची, दाराच्या चौकटीत, खिडकीच्या गजांवर, म्हणून आईने तिचं नाव ठेवलं पाल. पुढे ती शिकली, औषधांच्या दुकानात नोकरीला लागली, तरी घरात पाल ती पालच. दर रविवारी मास्तरांची मंडळी शहराबाहेरच्या कातळावर जात. तिथे रीत अशी की प्रत्येकाची जोडी ठरलेली. एक चढणार, दुसरा खाली उभा राहून दोर धरणार. दोर वरच्या कड्यातून जाऊन खाली येतो. चढणारा घसरला की खालच्याने दोर अडवायचा, वरचा जिथल्या तिथे लटकतो. मंडळी म्हणायची, घर बदला, नोकरी बदला, दोर धरणारा बदलू नका. पालीची जोडी तिच्या आईशी होती.

आई गेली. कातळावर नाही. कातळाने तिला ओरखड्यापलीकडे कधी काही केलं नाही. ती गेली घरात, गादीवर, पोटाच्या दुखण्याने, डॉक्टर आणि औषधं सगळं करून. त्यानंतर पालीने दोर गुंडाळून माळ्यावर टाकला. मास्तर घरी येऊन गेले, दुसरी जोडी लावून देतो म्हणाले. ती म्हणाली, "नको. आता नाही चढणार मी." हे बोलताना ती टेबल पुसत होती. मास्तर गेले तरी पुसतच राहिली.

घर असं झालं की चमचा पडला तरी दोघं दचकून एकमेकांकडे बघत. बायको गेली त्याला इलाज नव्हता. पण तिच्यामागे पोरगीही थोडी थोडी नाहीशी होत चालली होती, ते सीटवाल्याच्याने बघवेना. ती चढायला लागली तरच परत माणसात येईल, एवढं त्याला कळत होतं. आणि परक्याच्या दोरावर ती जाणार नाही, हेही. मग उरलं कोण? म्हणून तो तिला न सांगता मास्तरांकडे गेला होता, मला दोर धरायला शिकवा म्हणून. आणि पहिल्याच धड्याला ही शोभा.

दार त्याच्या थोरल्या बहिणीने उघडलं. ती खालच्या मजल्यावर राहायची, आणि भावजय गेल्यापासून वरच जास्त असायची.

"हे जाकीट कुणाचं?" तिने विचारलं. "आणि कमरेला का बांधलंयस?"

"गरम होत होतं, ताई."

"गरम होत होतं म्हणून जाकीट बांधलं? वळ बघू."

"ताई, पन्नाशी ओलांडली मी."

"तुझी दुपटी धुतलीत मी. वळ."

तो वळला. बहिणीने जाकीट बाजूला करून पाहिलं आणि "अगं बाई" म्हणून तोंडावर पदर धरला. तेवढ्यात पाल आतून आली. तिने आधी जाकीट ओळखलं, मग फाटलेली पँट पाहिली.

"बाबा, हे मास्तरांचं आहे. तुम्ही गोदामात गेला होतात?"

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, ना पुढून ना मागून. "दोर धरायला शिकायला गेलो होतो," तो म्हणाला. "मास्तर म्हणाले, उकिडवे बसा. मी बसायला निघालो. पँट म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी नाही येत."

पालीच्या नाकातून एक विचित्र आवाज आला. सीटवाल्याला वाटलं, रडते की काय. पण ती हसत होती. हसत हसत भिंतीला टेकली, टेकून खाली बसली, आणि तिला पाहून आत्याही सुटली. सीटवाला तसाच उभा. घरात हसू ऐकून किती दिवस झाले होते! कपाटात आणखी चार पँटी होत्या. त्यांच्यामुळे ती हसणार असेल तर चारही फाडायची त्याची तयारी होती.

मग पालीने डोळे पुसले आणि चेहरा पुन्हा मिटला. "तुम्ही धरणार दोर? आई चढायची तेव्हा एकदासुद्धा बघायला आला नाहीत. भीती वाटते म्हणायचात."

"अजून वाटते."

"मग?"

"मग काय? ज्याला भीती वाटते तो दोर सोडत नाही."

तिने जाकिटाची घडी घातली. आत जाता जाता म्हणाली, "आधी धड पँट घ्या. मग बघू."

'मग बघू' म्हणजे नाही, हे आईबापांना ठाऊक असतं. तेच तर सांगून त्यांनी पोरं वाढवलेली असतात. पण 'नाही'पेक्षा 'मग बघू' बरं. सीटवाल्याने ते शब्द खिशात टाकले आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन कामाला लागला.

विकत कशाला घ्यायची? दुकानात मालट्रकच्या सीटांना लावतात ते जाड कापड पडून होतं. दहा वर्षं ड्रायव्हर त्यावर बसून घासतात तरी त्याला काही होत नाही. त्याने स्वतःचं माप घेतलं, सीटाचं घेतात तसं, अंगाबरोबर. बैठकीला आतून दुसरा थर, दुहेरी शिवण, नायलॉनचा दोरा. संध्याकाळी पँट तयार झाली. टेबलावर ठेवली तर ती आपली आपण उभी राहिली. त्याला फार बरं वाटलं. ही काही फाटायची नाही.

घरी येऊन त्याने ती घातली आणि बाहेरच्या खोलीत आला, दोन्ही पाय न वाकवता, कंपासपेटीतला कंपास चालावा तसा.

"ही पँट आहे का पेटी?" बहीण म्हणाली.

"मजबूत आहे. ओढून बघ."

"ओढायची नाही मला. तू बस तेवढा."

तो खुर्चीवर बसायला गेला. गुडघे वाकेनात. अर्ध्यावर जाऊन फळीसारखा खुर्चीवरून घसरला आणि जमिनीवर आडवा झाला. उठताही येईना, पालीला हात द्यावा लागला.

"लोकं म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावेत," बहीण म्हणाली. "तुला पँट हो म्हणेल तेव्हाच पाय उचलायला मिळणार."

पाल मात्र या वेळी हसली नाही. त्याच्याकडे आणि त्या शिवणीकडे बघत राहिली. मग आत गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या हातात आईची चढायची पँट होती. करड्या रंगाची, गुडघ्यांवर ठिगळं, धुवून धुवून मऊ झालेली. आई गेल्यापासून ती कपाटाच्या तळाशी होती. तिथे कुणी हात लावत नव्हतं.

"हे बघा," ती म्हणाली, आणि पँट उलटी करून दोन पायांच्या मधली जागा त्याच्यासमोर धरली. चार शिवणी जिथे एकत्र येतात तिथे त्या चार नव्हत्याच. मधे एक चौकोनी तुकडा तिरपा बसवलेला होता. "इथे ताण येतो. पाय वर टाकला की चारही शिवणी एका ठिकाणी ओढल्या जातात आणि तिथून फाटते. तुमची तिथूनच फाटली. हा तुकडा मधे असला की ताण वाटला जातो. आणि गुडघ्यात जास्तीचं कापड, म्हणून पाय दुमडतो. हे सगळं आईने घालून घेतलं होतं."

"कुणाकडून?"

"स्वतःच. हाताने."

सीटवाल्याने तुकड्यावरून अंगठा फिरवला. टाके वाकडे होते, पण घट्ट. घरात दोन शिलाईयंत्रं, दुकानात तीन, आणि बाई हाताने टाके घालत बसली! "मला नाही सांगितलं ते?"

पालीने जरा चाचरून सांगितलं. "आई म्हणायची, तुझ्या बाबांना सांगितलं तर कापड असं ताणतील की मला त्यात गादीसारखं भरावं लागेल."

बहीण खोकल्याचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेली. सीटवाला मात्र मोठ्यांदा हसला, आणि हसताना त्याच्या लक्षात आलं की बायकोची थट्टा तिच्यामागेही आपल्याला लागू पडली. छातीवरून कुणीतरी गठ्ठा उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं.

"चला," पाल म्हणाली. "तुम्हाला पँट घेऊन देते."

आधी ती दोघं खेळाच्या सामानाच्या मोठ्या दुकानात गेली. तिथल्या पँटी सुरेख होत्या, हलक्या, लवचीक, चारी बाजूंनी ताणल्या जाणाऱ्या. सीटवाल्याने किमतीची चिठ्ठी वाचली आणि पँट जागेवर ठेवली, तान्ह्या बाळाला ठेवतात तशी.

"एवढ्यात मी अख्ख्या गाडीची सीटं करून देतो, बाळ. पुढची आणि मागची."

"आणि हे कापड टिकायचंही नाही," पाल हळूच म्हणाली. "पातळ आहे. कातळावर एकदा घासलं की दोरे निघतात. चला, आईच्या दुकानात जाऊ."

आईचं दुकान म्हणजे मागच्या गल्लीत, कामगारांच्या कपड्यांचं. सुतार, गवंडी, वीजवाले तिथून कपडे नेत. आत कापडाच्या खळीचा वास. दुकानदार पालीला ओळखत होता. "मॅडम नाही आल्या?" असं त्याने सवयीने विचारलं, आणि मग दोघांच्या तोंडाकडे बघून त्याला कळलं. त्याने नुसती मान खाली घातली आणि शिडी लावून वरच्या फळीवरचे गठ्ठे काढायला लागला. सीटवाल्याला त्याचं बरं वाटलं. सांत्वन करणाऱ्यांपेक्षा गठ्ठे काढणारा माणूस बरा.

पहिली पँट हातात येताच सीटवाल्याने खिशातून किल्ली काढली आणि कापडावर खसाखसा घासली.

"ओ! ओ काका!" दुकानदार शिडीवरून ओरडला.

"बघतोय टिकतं का."

"विकायच्या आधीच झिजवून देता का?"

"बाबा, किल्ली आत ठेवा," पाल म्हणाली. "उजेडासमोर धरून बघा. आरपार उजेड दिसला तर नको. आता ताणा. आडवं ताणा. सोडलं की परत येतं?"

"येतंय. थोडंसंच."

"थोडंसंच पाहिजे. सगळं सुती असलं तर अडतं, फार लवचीक असलं तर झिजतं. आता घालून या."

तो घालून आला. मग पालीने त्याच्याकडून जे जे करवून घेतलं ते गल्लीतल्या लोकांनी थांबून पाहिलं. उकिडवं बसवलं. एक पाय उचलून गल्ल्याच्या टेबलावर ठेवायला लावला. मग दुसरा. "अडतंय कुठे? मांडीत?" पहिली अडली. दुसरी कमरेत घसरत होती. तिसरीला मागच्या खिशांना पितळी बटणं होती, ती पालीने घालायच्या आधीच नाकारली. "वरून कमरेला आणि मांड्यांना हार्नेसचा पट्टा बांधायचा असतो, दोर त्यालाच अडकवतात. बटणं रुततात. आणि पायाशी मोहरी अरुंद हवी, नाहीतर आपलंच पाऊल आपल्याला दिसत नाही. पाऊल दिसलं नाही की घसरलंच."

चौथीत पाय टेबलावर गेला आणि कुठे काही बोललं नाही. गडद मातकट रंग, बैठकीला दुहेरी कापड, गुडघ्याला चिमटा घालून शिवलेलं. फक्त मधला तुकडा नव्हता.

"तो मी घालीन," सीटवाला म्हणाला.

"झोळ ठेवून?"

"ठेवून."

पैसे देताना त्याने विचारलं, अगदी सहज विचारावं तसं, "तुलाही एक बघायची का? तुझी जुनी तर गुडघ्यात गेली आहे."

"मला कशाला?" ती म्हणाली. "मी कुठे चढतेय." आणि पिशवी उचलून बाहेर पडली. सीटवाल्याच्या जिवाला पुन्हा टोचणी लागली. पँट मिळाली. पण ज्याच्यासाठी पँट घ्यायची ते अजून कुठे मिळालं होतं?

त्याने तो तुकडा बायकोच्या पँटवर बघून बघून बसवला. हात सारखा ताणायला जायचा, तो सारखा हाताला दटावायचा. मग रोज दुकान बंद केलं की गोदाम. मास्तरांचा नियम होता, दोर धरणाऱ्याने आधी स्वतः वर जाऊन लटकायचं. खाली काय करायचं ते वर गेल्याशिवाय कळत नाही. सीटवाला वर गेला. म्हणजे जेमतेम माणसाच्या उंचीइतका गेला, आणि गोट्याला अशी मिठी मारली की मास्तरांनी खालून तीनदा "सोडा" म्हटलं तरी सोडेना.

"तुमची लेक पाल, आणि तुम्ही गोचीड," मास्तर म्हणाले.

शेवटी डोळे मिटून त्याने हात सोडले. हिसका बसला, आणि तो पाळण्यात बसल्यासारखा झुलत राहिला. काही झालं नाही. पँट बोलली नाही, पट्टा बोलला नाही. खाली मास्तर एका हाताने दोर धरून जांभई देत होते. इतकंच? एवढी वर्षं रविवारी दुकानात बसून तो ज्याला भीत होता ते एवढंच? त्याला हसू आलं. बायकोला हे सांगावंसं वाटलं. ती म्हणाली असती, सांगत नव्हते का मी?

लटकणं जमलं, धरणं जमेना. आठाच्या आकड्यासारखी गाठ त्याला एकदा दाखवून कळली, कमरेच्या कडीतून दोर ओवणं कळलं. पण दोर हातात आला की सीटवाल्यातला सीटवाला जागा व्हायचा. तो दोर ताणून धरायचा, सरळ, जरा झोळ नाही. मास्तर वर चढायला लागले की त्यांना पाऊल उचलता यायचं नाही.

"ढील द्या हो! मी गाडीचं सीट नाही!"

"पण सैल सोडला तर तुम्ही जास्त पडाल."

"थोडा पडेन. पण ताणून धरलात तर मी चढूच शकणार नाही. मग पडायलाही नको आणि यायलाही नको."

पाल एका संध्याकाळी जाकीट परत द्यायचं निमित्त काढून आली. बाकावर हाताची घडी घालून बसली आणि बघत राहिली. निघताना मात्र बापाच्या जवळ येऊन त्याचा डावा हात दोरावर जरा वर सरकवून ठेवला. "इथे," म्हणाली. "आई इथे धरायची." बस. पण तेवढ्यानेही सीटवाल्याला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

रविवारी सकाळी तो नवी पँट घालून तयार झाला. कालच तिला म्हणाला होता, "मी जातो मंडळींबरोबर. दुसऱ्या कुणाचातरी दोर धरतो. तू नुसती बघायला ये." ती हो म्हणाली नव्हती आणि नाहीही. माळ्यावरून दोर मात्र त्याने काढून ठेवला होता.

आतल्या खोलीचं दार उघडलं आणि पाल बाहेर आली. तिच्या अंगात आईची करडी पँट होती. कमरेत सैल होत होती, तिथे तिने नाडी ओवली होती. बापाने पाहिलं, आत्याने पाहिलं. आत्याने तोंड उघडलं, भावाने डोळ्यांनी दाबलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईने एक वाक्य गिळलं.

कातळ शहराच्या टोकाला, जुन्या खाणीच्या पलीकडे होता. सीटवाल्याला तो मनात ढगाला भिडलेला दिसायचा. प्रत्यक्षात चारेक मजल्यांचा असेल. उंच होता, नाही असं नाही, पण वरची माणसं ओळखू येत होती. मंडळींनी पालीला बघितलं आणि कुणी काही विशेष केलं नाही, फक्त मधल्या वाटेचा दोर तिच्यासाठी मोकळा ठेवला. ती तिची आणि आईची वाट होती.

पालीने गाठ मारली. मग बापाची कडी ओढून पाहिली, पट्टा ओढून पाहिला. कातळाला हात लावला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "धरलंय?"

सीटवाल्याच्या तोंडून शब्द फुटेना. आणि मग फुटला तो असा की शेजारच्या वाटेवर चढणारा माणूससुद्धा दचकून "बरं" म्हणाला.

"धरलंय!"

ती चढायला लागली. पहिल्या काही हातांना अडखळली, अंग विसरलं होतं. मग आठवलं. सीटवाला बघत राहिला आणि त्याला कळलं की लेकीला पाल म्हणणं हे काही खरं नाही. पाल अशी मजेत चढत नाही.

आणि त्याच्या हातांनी दोर ताणला.

"बाबा!" वरून हाक आली. "ढील द्या!"

तिने पाय एका मोठ्या पायरीकडे न्यायला उचलला होता आणि दोर तिला वर ओढून कातळाला दाबत होता. सीटवाल्याचे हात ऐकेनात. एवढ्या वर्षांचे हात. झोळ ठेवायचा नाही, हे त्यांना वडिलांनी शिकवलेलं. आणि खरं सांगायचं तर आता वडिलांचा प्रश्न नव्हता. एक माणूस त्याच्या हातून सुटून गेलं होतं, दुसरं दोराच्या टोकाला होतं.

"बाबा, मला पाय उचलता येत नाहीये!"

सीटवाल्याने खाली पाहिलं, स्वतःच्या गुडघ्याकडे. गुडघा वाकलेला होता, कापड त्याच्याबरोबर वाकलं होतं, कुठे ओढ नव्हती. त्याने श्वास सोडला आणि हातभर दोर सोडला.

वरचा पाय गेला. ती उंचावली, पुढची कपार धरली, तिच्यावरचा हात बदलला, आणि तिथेच सुटली.

ती पडली. फार नाही, हातभरच, त्याने सोडला होता तेवढंच. दोराने सीटवाल्याला पुढे खेचलं, तो कातळावर आपटला, उजवा गुडघा खरखरीत दगडावरून खर्रकन घासला. पण हात खाली गेले होते, मास्तरांनी शिकवलं तसे, त्याच्या विचाराआधीच. दोर थांबला. पाल वर लटकली, संथ फिरत.

मग वरून आवाज आला.

"बाबा, आवाज कसला आला? पँट?"

सीटवाल्याने गुडघा पाहिला. कापडावर पांढरा ओरखडा होता, लांबच लांब. त्याने चाचपून पाहिलं, पाय वाकवून पाहिलं.

"शाबूत!" तो ओरडला.

आणि पाल हसली. तिथे वर, दोराला लटकून, दोन्ही हात सोडून, पाय हवेत हलवत हसत होती. सीटवाल्याचा जीव असा भांड्यात पडला की त्याला तिथेच बसावंसं वाटलं. पण दोर हातात होता, म्हणून उभा राहिला.

ती वरपर्यंत जाऊन आली. खाली उतरून तिने गाठ सोडली, बापाच्या गुडघ्याजवळ बसून ओरखड्यावरून बोट फिरवलं. "ठिगळ लागेल पुढेमागे," म्हणाली. मग तिने स्वतःच्या अंगातल्या पँटची नाडी आवळली. "बाबा, ही परत कपाटात ठेवते. मला मोठी होते. आणि आईचीच राहू दे. मला नवीन घेऊन द्या."

"कधी हवी?"

"पुढच्या रविवारच्या आधी."

सोमवारी संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या दुकानातून तीच मातकट पँट आली, लहान मापाची. सीटवाल्याने ती यंत्रावर घेतली, मधल्या शिवणी उसवल्या आणि चौकोनी तुकडा कापला. बहीण चहा घेऊन आली आणि त्याच्या खांद्यावरून वाकून बघू लागली.

"अरे, तुकडा मोठा झाला. हे सैल पडतंय बघ इथे."

"पडू दे, ताई," तो म्हणाला, आणि यंत्र चालू केलं.